इराच्या मांडीवरचा पिवळा डाग

"दोन फ्रॅक्चर आहेत," पडद्यावरचा एक्स-रे दाखवत डॉक्टर म्हणाल्या. "मांडीचं ताजं आहे. बरगडीचं जुनं, भरत आलेलं. बाळ तीन महिन्यांचं आहे. हे कसं झालं?"

या प्रश्नाला आमच्या घरातून तीन उत्तरे गेली. माझा मुलगा केदार म्हणाला, पाळण्यातून पडली. सून अनघा म्हणाली, "मला खरंच माहीत नाही." मी काहीच बोलले नाही. डॉक्टरांनी तेही लिहून घेतले असावे.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. आता निवृत्त आहे. लिहिण्याची सवय नाही, आणि हे लिहावे की नाही याबद्दलही मन साशंक आहे. परंतु ठाण्याच्या त्या रुग्णालयातील बाकावर बसले असताना असे कुणाचे काही वाचायला मिळाले असते, तर मला थोडा आधार वाटला असता. एवढ्याचसाठी हे धाडस.

घडले ते असे. नातीला, इराला, रोज सकाळी मीच तेल लावत असे. पाय पसरून, तिला पायांवर घेऊन, शेवटी उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला जुळवायचा. केदारलाही मी असेच केले होते. त्या सकाळी माझ्या तळव्याखाली काहीतरी बारीक कटकन झाले. इरा रडली, नेहमीपेक्षा निराळी.

मी कुणाला सांगितले नाही. "आई, ही पाय का हलवत नाहीये?" असे अनघाने विचारले, तेव्हा "लचकला असेल" म्हणून आंबेहळदीचा लेप लावला. दोन दिवस गेले. मांडी सुजली, तेव्हा आम्ही ठाण्याला निघालो. केदारने रिक्षात माझ्याकडे एकदा पाहिले, विचारले काही नाही. पाळण्याची गोष्ट त्याने तिथेच ठरवली असणार.

मांडीवरचा पिवळा डाग पाहून शिकाऊ डॉक्टर म्हणाले, "जुना मार असाच पिवळा पडतो." मोठ्या डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. डाग अर्धा निघाला. "हळद आहे," त्या म्हणाल्या. पण चेहरा सैल झाला नाही. कागदावर त्यांनी लिहिले, 'नॉन-अ‍ॅक्सिडेंटल इंज्युरीचा संशय'. अपघाताने न झालेली इजा, असा त्याचा अर्थ. त्यानंतर एमएलसी, अर्थात मेडिको-लीगल केस. अशा इजेची नोंद रुग्णालयाला पोलिसांकडे पाठवावीच लागते. बाळाला घरी सोडायचे की नाही, हे आता बाल कल्याण समिती ठरवणार होती.

रुग्णालयाच्या समाजसेविका एकेकाला वेगळे बसवून बोलत. माझी पाळी आली तेव्हा मी मुलांशी क्रूरता म्हणजे काय, याची कायद्यातली व्याख्याच विचारली. शिक्षकाची सवय. त्यांनी ती सोपी करून सांगितली. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारणे, छळणे, सोडून देणे किंवा जाणूनबुजून दुर्लक्षणे, ज्यातून त्याला विनाकारण त्रास होण्याची शक्यता असेल, ही क्रूरता.

मी 'जाणूनबुजून'पाशी अडले. दाब मी जाणूनच दिला होता, मोडण्यासाठी नव्हे. पण ते दोन दिवस? तो आवाज मी ऐकला होता.

"मग मी कशात बसते?"

"ते मी ठरवत नाही, आजी. आणि माझा पहिला प्रश्न तो नाहीच. या मुलीला संरक्षणाची गरज आहे का, हा एक प्रश्न. कुणी गुन्हा केला का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं, तरी दुसऱ्याचं 'नाही' येऊ शकतं."

मला ते नीट समजले असे म्हणवत नाही. तरी मी सगळे सांगितले.

बाहेर केदार चिडला. "कशाला बोललीस, आई? मी सांभाळून घेत होतो ना."

"तुझ्या सांभाळण्यानेच त्यांना खोटं वाटलं, रे," अनघा म्हणाली. माझ्याकडे मात्र तिने पाहिले नाही.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. "बरं झालं सांगितलंत. एवढ्या दाबाने मांडीचं हाड मोडत नाही. मोडलं, तर हाडंच तपासायला हवीत." मग त्यांनी इराच्या पापण्या वर केल्या. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक होती. आमच्या इमारतीत सगळे त्या डोळ्यांचे कौतुक करीत, म्हणून मी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढत असे.

"हे जन्मापासून असंच आहे?" त्यांनी विचारले.

पुढे स्केलेटल सर्व्हे झाला, म्हणजे साऱ्या हाडांचे एक्स-रे. जनुकीय तपासणीसाठी रक्त गेले. अहवालाला काही आठवडे लागणार होते. समितीने इराला आईवडिलांबरोबर घरी जाऊ दिले, एका अटीवर: आजीने बाळाला हाताळू नये.

ते आठवडे मी त्याच घरात, हात मांडीवर ठेवून काढले. परिचारिकेने अनघाला शिकवले होते की काखेत धरून उचलायचे नाही, लंगोट बदलताना पाय धरून वर करायचे नाहीत. मी ते दारातून पाहत असे.

अहवाल आला. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मतःच हाडे ठिसूळ असण्याचा आजार. बरगडीचे जुने फ्रॅक्चर आणि डोळ्यांतली निळसर झाक, दोन्ही त्याचीच. समितीने प्रकरण बंद केले, अटही उठवली.

मोकळे वाटायला हवे होते. माझ्या त्या दोन दिवसांना कायद्यात कोणता शब्द आहे, ते मला आजही ठाऊक नाही. एवढे मात्र कळते की त्या डॉक्टरांनी आमच्यावर विश्वास ठेवून प्लास्टर घालून घरी धाडले असते, तर मी पुन्हा तेलाची वाटी घेऊन बसले असते. त्यांच्या संशयाची मी ऋणी आहे. आणि ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना विनंती, घडले तेच सांगा, पहिल्याच दिवशी.

अट उठल्यावरही मी इराला मागितले नाही. आठ-दहा दिवसांनी, दुपारी, अनघा तिला घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, हात पुढे करा. तळवे सरळ. एक मानेखाली, एक कमरेखाली."

मी केले. तिने इराला अलगद ठेवले. आपले हात मात्र खाली तसेच राहू दिले.

"घेतलंत?"

"हो."

"मग मी सोडतेय हं," ती म्हणाली, आणि तिने हात काढून घेतले.