वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरांइतका हट्टी विद्यार्थी पृथ्वीच्या पाठीवर आजवर झालेला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी त्यांच्या शिक्षकांची प्रार्थना असणार. वय पासष्टीच्या पुढे, केस कापसासारखे, कोपरखैरण्याला वर्षानुवर्षं चाललेला दवाखाना, आणि सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत असा दरारा की त्यांच्यासमोर लिफ्टमध्ये कोणी शिंकत नाही. शिंकलं तर आपला मजला येईपर्यंत ते त्या शिंकेचं निदान करतात आणि निदानाला एखाद्या चालत्याबोलत्या माणसाचं नाव देतात. आजारांची पुस्तकी नावं त्यांना येतात, पण रुचत नाहीत. ज्या पेशंटने एखादा आजार पहिल्यांदा त्यांच्या टेबलासमोर आणून बसवला, त्याचंच नाव त्या आजाराला कायमचं चिकटलं. मुतखड्याला ते 'प्रधान' म्हणतात. अर्धशिशीला 'तुर्भ्याच्या लेलेबाई'. माझ्या नवऱ्याचा खोकला ऐकून म्हणाले होते, "घाबरू नका शेजारीणबाई, साधा कुलकर्णी आहे, आठवड्यात जाईल." नेमके त्याच सुमारास आमच्याकडे खरोखरीचे एक कुलकर्णी पाहुणे उतरले होते, आणि ते काही आठवड्यात गेले नाहीत. हे कसलं शास्त्र, असं मी एकदा विचारलं. "चेहरा नसलेला आजार माझ्या डोक्यात शिरतच नाही," ते म्हणाले, आणि माझी जीभ बघायला मागितली.

त्यांचं हे सगळं हसून खपवून घेणाऱ्या काकू, म्हणजे त्यांची बायको, काही वर्षांपूर्वी गेल्या. रक्ताचा कॅन्सर. त्या आजारात मोठ्या हॉस्पिटलातून त्यांच्या जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. पानंच्या पानं नुसती अक्षरं आणि आकडे. डॉक्टर कॉलेजात होते तेव्हा हा विषय जन्मालाच आला नव्हता. ते सोफ्यावर बसून चष्मा वर-खाली करत होते आणि मी आमटीची वाटी घेऊन दारात उभी होते. काकूंनी विचारलं, "काय लिहिलंय?" डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे." काकूंना हसू आलं. म्हणाल्या, "कळत नाहीये तुम्हाला. त्यात कोणी कुलकर्णी नाहीये ना. असू दे. कळलं की सांगा मला." दुसरा कोणी असता तर त्याने हे वाक्य दुःखाबरोबर गुंडाळून माळ्यावर टाकलं असतं. डॉक्टरांनी ते गृहपाठासारखं घेतलं.

म्हणून गेल्या वर्षी त्यांनी दवाखान्याची संध्याकाळची वेळ कमी केली आणि एका संस्थेच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. डॉक्टर, नर्स, लॅबवाले अशा मंडळींना संगणकावरचं जीवशास्त्र शिकवणारा हा कोर्स. रक्ताच्या ढीगभर नमुन्यांतली माहिती घ्यायची, प्रोग्रॅम लिहायचे, आणि पेशीत कुठे काय बदललं की कोणता आजार होतो ते शोधायचं. असले रिपोर्ट कसे वाचायचे, हा त्यातला शेवटचा धडा. डॉक्टरांना हवा होता तो तेवढाच. पण आधीचे धडे आणि एक प्रकल्प पार केल्याशिवाय तो उघडत नव्हता.

मग आमच्या छताच्या वर शाळा भरू लागली. वर्ग त्यांच्या घरातच, पण डॉक्टर इस्त्रीचा शर्ट, टाय, वर पांढरा कोट घालून बसत. लिंकवर बोट ठेवण्याआधी "आत येऊ का मॅडम?" असं विचारत. मॅडम बेंगळुरूला, जन्माने पुण्याच्या, वयाने त्यांच्या मुलीसारख्या. त्या पडद्यावर आल्या की डॉक्टर उभे राहत, त्यामुळे वर्गाला बराच वेळ नुसता टाय दिसे. एकदा वाय-फाय बंद पडलं तर रजेचा अर्ज लिहून त्याचा फोटो पाठवला, 'पोटदुखीमुळे' असं कारण देऊन, कारण शाळेत तेच चालायचं. आणि आवाज? बेंगळुरू लांब, म्हणून डॉक्टर मोठ्याने बोलत. इतक्या मोठ्याने की जनुकशास्त्राचे पहिले चार धडे मी पोळ्या लाटता लाटता फुकटात केले. लॅपटॉप तापला की ते त्याच्या पाठीला पालथा हात लावत आणि त्याला स्टीलच्या ताटात ठेवून विश्रांती देत. प्रोग्रॅम अडकला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली की बाकीचे विद्यार्थी वैतागत, डॉक्टर मात्र खुर्ची पुढे ओढून म्हणत, "थांबा, तो काय तक्रार करतोय ते आधी ऐकून घेऊ." गंमत म्हणजे ऐकून घेतल्यावर त्यांना खरंच सापडायचं. कुठेतरी एखादा स्वल्पविराम राहिलेला असायचा.

गाडी अडली ती प्रकल्पावर. संशोधनासाठी खुले केलेले रक्ताच्या कॅन्सरचे नमुने त्यांना दिले होते. नमुन्यांना अर्थातच नावं नव्हती, नुसते क्रमांक. आणि क्रमांकाला चेहरा कुठला? डॉक्टरांना काही सुचेना. शेवटी त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. सोसायटीच्या जिन्यावरून वर-खाली फिरले आणि एकेका नमुन्याला एकेका शेजाऱ्याचं नाव देऊन टाकलं. त्यानंतर काम असं धावलं की बोलायची सोय नाही. कोणाला कुठलं औषध लागू पडलं, कोणाचा आजार उलटला, सगळं त्यांना गल्लीतल्या भानगडींसारखं तोंडपाठ. मग त्यांनी एक सुरेख तक्ता काढला. प्रत्येक नमुन्याची एक आडवी पट्टी. माणूस जितका जगला, तितकी लांब.

हा तक्ता त्यांनी सोसायटीच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर छापायला टाकला, आणि तो आमच्या चेअरमनच्या हाती पडला. चेअरमन इथल्याच जुन्या खाडीकाठच्या गावचे, जमिनी गेल्या आणि बिल्डिंगा आल्या त्या घरातले. माणूस तसा रांगडा, पण तोही कागद बघून मटकन खुर्चीत बसला.

"डॉक्टर, पानी लवकर येत नाय म्हनून तुमी मला मारलंत?"

"तुम्ही नाही हो. तुमचा नमुना."

"नाव कोनाचं हाय? पयल्याच वर्षी गेलो मी. आनि हा ट्रेझरर बघा, ह्याची पट्टी कुठवर गेलीय."

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी सोसायटी आपापली पट्टी बघून गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई आपण समोरच्या वहिनींच्या आधी गेलो म्हणून आठवडाभर वहिनींशी बोलल्या नाहीत. मी 'औषधाला मध्यम प्रतिसाद' या गटात निघाले. मध्यम हा शब्द मला अजून लागून आहे.

इकडे हसणं चाललं होतं आणि तिकडे संस्थेत डॉक्टरांनी पाठवलेला तोच प्रकल्प उघडला गेला. माणसांची नावं, पुढे कॅन्सर, पुढे औषधं. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी स्वतःच्या पेशंटची खासगी माहिती फोडली. रविवारी सकाळी खुलासा करा, पटला नाही तर नाव कमी होईल, असा मेल आला. शेवटचा धडा तोवर बंद. डॉक्टर कढीपत्ता मागायच्या निमित्ताने खाली आले, मेल दाखवला, आणि कढीपत्ता न घेताच जायला निघाले. दारात थांबून म्हणाले, "सगळ्या आयुष्यात एकाही पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगितली नाही हो मी." मग पायात चप्पल सरकवत, "आणि तिला सांगायचं राहून जाणार."

अशा वेळी माझ्यातली नाट्यनिर्माती जागी होते. रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात मी अख्खा तक्ता जिवंत उभा केला. कोणी सोफ्यावर, कोणी सतरंजीवर, ताई आणि वहिनी दोन टोकांना. मॅडम पडद्यावर आल्या, डॉक्टर उभे राहिले, आणि त्यांच्या टायला बाजूला सारून चेअरमन कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले.

"मॅडम, नमस्कार. ह्यांच्या कागदावर मी पयल्या वर्षीच गेलो. पन मी हाय. आताच इडली खाल्लीय."

"तुम्हाला हा आजार आहे का?" मॅडमनी विचारलं.

"मला काय नाय. बीपीची गोळी, ती पन ह्यांचीच."

मग रांगच लागली. ट्रेझररने आपण दीर्घायुषी निघाल्याबद्दल आभार मानले. ताईंनी आपली पट्टी वाढवून मिळेल का, अशी चौकशी केली. मी फक्त 'मध्यम' शब्दावर हरकत नोंदवली. डॉक्टरांनी मान खाली घालून सांगितलं, की नावं शेजाऱ्यांची आहेत, आजार क्रमांकांचे आहेत; चेहरा नसला तर मला काही दिसत नाही, चूक झाली. मॅडम तोंडावर हात धरून हसू दाबत होत्या. तेवढ्यात त्यांची नजर तक्त्याच्या तळाशी गेली.

"डॉक्टर, इथे नाव नाहीये. नुसतं 'ही' लिहिलंय. ही कोण?"

डॉक्टर बायकोला कधी नावाने हाक मारत नसत, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पट्टीला शेवटच नव्हता. कागदाच्या कडेपर्यंत जाऊन पुढे बाण काढलेला. अभ्यास संपला तेव्हा हा माणूस जिवंत होता, असा त्या बाणाचा अर्थ.

"ती नाही येऊ शकणार, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "नावं काढून क्रमांक परत घाला. सगळी काढा. शेवटच्या धड्याला या."

डॉक्टरांनी नावं काढली. आमच्यासमोरच, एकेक. 'ही' सगळ्यात शेवटी.

महिन्याभराने एका दुपारी ते खाली आले, हातात काकूंचा रिपोर्ट. "वेळ आहे का, शेजारीणबाई?" मी चहा टाकला. त्यांनी पान न् पान समजावलं. कुठल्याशा जागी एक अक्षर बदललेलं, त्यामुळे पेशींना थांबायचं कळेना, आणि त्यावर तेव्हा औषध नव्हतं. मला अर्धंही कळलं नाही, पण मी "बरं, मग?" म्हणत राहिले. काकू तसंच म्हणायच्या.

"म्हणजे कोणाचं काही चुकलं होतं का?" मी विचारलं.

"नाही. कोणाचंच नाही," ते म्हणाले. "एवढंच लिहिलंय सगळ्या पानांत."

चहाचा कप स्वतः विसळून ठेवला आणि ते वर गेले. थोड्या वेळाने छतातून त्यांचा आवाज आला. तेच अक्षर, तीच पेशी, पेशंटला सांगतात तसं सावकाश, फोड करून, आणि मध्ये मध्ये थांबून, कोणीतरी "बरं, मग?" म्हणेल एवढंच. आवाज फार मोठा होता. माणूस लांब असला की त्यांना मोठ्यानेच बोलावं लागतं.