देव्हाऱ्यातली औषधाची बाटली

प्रवासाने माणूस शहाणा होतो, असे प्रवास केलेले लोक सांगतात. साताऱ्याहून नागपूरपर्यंत मी बहुतेक झोपून आलो, तरी उतरताना थोडा शहाणा झाल्यासारखे वाटलेच. स्थानकाबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जहाल रस्सा) खाल्ले आणि तो भ्रम नाकावाटे वाहून गेला.

पुढे बस. दोन्हीकडे धानाच्या बांध्या (भातखाचरे) आणि शेवटी कुही. तिथे माझी बहीण सुनंदा राहते. तिच्या नऊ वर्षांच्या गौरीला मिरगीचा त्रास आहे, पण औषधावर ती दोन वर्षे ठणठणीत होती. एरवी ती धावत येऊन माझ्या बोलण्याची नक्कल करते. या वेळी भिंत धरून आली. पाय भलतीकडेच पडत होते आणि शब्द जिभेला गूळ चिकटल्यासारखे लांबत होते.

"मामा... तू अजून... पुस्तकासारखाच... बोलून राहिला."

टोमणा शाबूत होता, पोचायला मात्र फार वेळ लागला.

"पंधरा दिवस झाले," सुनंदा हळूच म्हणाली. "आधी चालणं बिघडलं. आता बोलणंही जाईल का रे, दादा?"

माझे वाचन दांडगे आहे. तरी मी फक्त डॉक्टरांचा पत्ता विचारला.

भाऊजींनी आपल्या परीने बंदोबस्त केला होता. गोळ्या बदलून दिलेल्या पातळ औषधाची पहिली बाटली उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात गौरीला झटका आला, तेव्हापासून बाटली देव्हाऱ्यात विराजमान होती. अंगावर कुंकवाचा भरघोस टिळा. भाऊजी आंघोळ करून, बाटलीला धक्का न लावता, ड्रॉपरने वरच्या वर औषध मोजून घेत.

"एवढं का जपता?" मी विचारले.

"देवापाशी ठेवलेली चीज हालवाची नसते, भाऊ."

दुसऱ्या दिवशी नागपूरला डॉक्टरांकडे निघालो. भाऊजींनी बाटली तांदळाच्या डब्यात उभी खोचली आणि डबा माझ्या मांडीवर दिला. बसने एकही खड्डा सोडला नाही. सोवळ्याओवळ्याची थट्टा करण्यात हयात घालवलेला मी, डबा दोन्ही हातांनी अधांतरी धरून बसलो.

"मामा... पुजारी झाला," गौरी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिला सरळ रेषेत चालवले, बोटाने नाक शिवायला लावले. मग बाटली तिरकी केली. तळाचे औषध जागचे हलेना. खव्यासारखे घट्ट झाले होते.

"ही हलवून देत होता ना?"

"नाई जी," भाऊजी अभिमानाने म्हणाले. "एकदाही नाही."

बाईंनी बाटली भाऊजींपुढे धरली. "औषध खाली बसतं. सुरुवातीला हिला नुसतं पाणी गेलं, म्हणून झटका आला असेल. आता तळाचं जास्त जातंय, म्हणून ही झुलते आहे. रक्त तपासून खात्री करू. पण मनानं औषध बंद करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासणीत तेच निघाले. भाऊजी खुर्चीत खचले. "म्हणजे माह्याच हातानं झालं काय जी?"

"काळजीनंच झालं," बाई म्हणाल्या. "आता हलवून काळजी घ्या." आणि नवे प्रमाण लिहून दिले.

"बाबा," गौरीने सल्ला दिला, "देवालेही... सांग."

गौरी सावरेपर्यंत मी मुक्काम वाढवला. दहाव्या दिवशी गौरी बसस्टँडपर्यंत माझ्यापुढे चालत होती. "चाल ना गा मामा, बस काय तुयी वाट पाहीन?" असे एका दमात ओरडली. माझे सातारी मराठी तिने तिथल्या प्रवाशांना करूनही दाखवले. प्रवासात इतका आनंद मला आजवर कुठल्या लेण्याने दिला नव्हता.

निघण्यापूर्वी मी जुन्या बाटलीचे कुंकू पुसून पाहिले. खाली छापले होते : वापरण्यापूर्वी बाटली हलवा.

नव्या बाटलीलाही भाऊजींनी टिळा लावला आहे. झाकणावर.