भिजल्या भुशाचा वास

माझ्याकडे गॅसचा दाब मोजायचं गेज होतं. भंडाऱ्यात त्या वेळी दुसऱ्या कोणा मिस्त्रीकडे ते नव्हतं. त्या काट्याच्या एका तबकडीवर मी किती मिजास केली, हे आठवलं की आधी हसू येतं आणि मग ते जातं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. नागपुरात फ्रीज दुरुस्तीचं काम शिकून मी परत आलो आणि नागपूर रोडला लागून टिनाच्या शेडमध्ये दुकान टाकलं. दवाखान्यांचे लस ठेवायचे फ्रीज, दोन-तीन सोडावॉटरवाले, एक बर्फाचा कारखाना, एवढीच गिऱ्हाइकं. एसी असलेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक अड्याळकडच्या राईस मिलच्या मालकांची होती. काळी, जुनी, नागपूरच्या कोणा साहेबाकडून घेतलेली. एसी मागाहून बसवलेला, डॅशबोर्डखाली थंड हवेची पेटी. मालक मूळचे धानवाले शेतकरी. गार हवेत बसून बांधावर उतरायची त्यांना लाज वाटे, म्हणून त्यांनी तो एसी कधी लावलाच नव्हता.

मग त्यांच्या बायकोला गळ्याचा कॅन्सर निघाला आणि नागपूरला तिला शेक सुरू झाले. रेडिएशनला सगळे लाइटचे शेक म्हणत. शनिवार-रविवार सोडून रोज एक. शेकांनी गळ्याची कातडी काळी पडून सोलवटली होती. दिवस मे महिन्याचे, आणि नंबर दुपारचा. तो बदलून मिळेना. काचा उघड्या ठेवल्या तर गरम वारा गळ्याला झोंबे, बंद केल्या तर घामाने आग होई. नागपूरला राहायला ती तयार नव्हती, परक्या घरी तिला झोप येत नसे. आता एसी लावायची वेळ आली, तर तो गरम हवा फेकू लागला. एका सोमवारी तिनं अर्ध्या रस्त्यातून गाडी परत फिरवायला लावली. असं जायचं असेल तर शेक नको, म्हणाली. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की शेक मधेच तोडू नका. म्हणून ती गाडी तशीच, तिला घेऊन, माझ्या दारात आली.

ती मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसली होती. गळ्याभोवती ओलं मलमलचं फडकं. मालक पुढे, आणि ड्रायव्हर म्हणजे त्यांच्याच गावचा एक नेटका माणूस. गाडी रोज सकाळी मोटरच्या पाइपनं धुऊन, समोरच्या जाळीवर पाण्याचा जोराचा फवारा मारून, हळदकुंकू लावल्याशिवाय तो चाकाला हात लावत नसे. बॉनेट उघडलं तर आत आरशासारखं स्वच्छ. माझं अर्धं मन तिथंच शांत झालं.

एसीच्या पाइपवर एक छोटी काच असते, तिच्यातून आतला गॅस वाहताना दिसतो. त्या काचेत बुडबुडे होते. बुडबुडे म्हणजे गॅस कमी, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. मी ऐटीत गेज लावलं.

तेवढ्यात गाडीच्या मागच्या खिडकीतून तिचा आवाज आला. शेकांमुळे तो घोगरा झाला होता.

"अजी मिस्त्री, गाडी चालली का भिजल्या भुशाचा वास येते. मिलमधी उसना शिजवतात ना, तसा. पहा बरं जरा."

उसना म्हणजे धान उकडून केलेला तांदूळ. मिलमध्ये तो शिजतो तेव्हा सगळ्या आवारात त्याचा वाफाळता वास भरून राहतो. मी वर पाहिलंही नाही.

"काकू, गाडी मिलमधीच उभी राहते, वास येनारच. एसीचं न् भुशाचं काही घेनंदेनं नाही."

ड्रायव्हर हसला. तिनं काच वर केली.

गॅस भरला. निंबाच्या सावलीत उभ्या गाडीत हवा बऱ्यापैकी गार झाली, मी हात पुसले. मंगळवारी ते निघाले आणि कन्हान नदीच्या अलीकडूनच परत आले. भर उन्हात पेटीतून पुन्हा गरम हवा. दुसरा शेक चुकला. आता दोष व्हॉल्व्हचाच, असं मी ठरवलं आणि बुधवारी गाडी ठेवून घेतली. सगळा गॅस सोडला, व्हॉल्व्ह काढला, धुतला, बसवला, गॅस पुन्हा भरला. तिसरा शेक माझ्या शेडमध्ये गेला. त्या दिवशी मी जेवलो नाही. काळजीनं नव्हे, रागानं. एक यंत्र माझं ऐकत नव्हतं याचा तो राग होता. त्या बाईचा मी विचार केला होता असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुपारी गाडी पुन्हा दारात. चौथा शेकही चुकला. ती उतरून निंबाखालच्या बाकावर बसली, फडक्यावर तांब्यातलं पाणी शिंपत. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता.

"रोज इतकं पानी पेते का गाडी?" मी विचारलं.

"मे महिन्यात कोनाची गाडी पानी नाही पेत?"

खरं होतं. पण ओतताना उठलेल्या वाफेबरोबर मला तो वास आला. उसन्याचा. मी लहानपणापासून ओळखत असलेला वास. मी बाकाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

मी दुकानातून वर्तमानपत्राचं अर्धं पान आणलं. गाडीच्या तोंडाशी दोन जाळ्या असतात, पुढे एसीची आणि तिच्या मागे, चार बोटं अंतरावर, रेडिएटरची. त्यांच्याही मागचा पंखा दोन्हींतून हवा ओढतो. इंजिन चालू असेल तर पुढच्या जाळीवर धरलेला कागद चिकटून राहायला हवा. मी कागद लावला आणि हात काढला. तो सरळ खाली, माझ्या पायाशी पडला.

रेडिएटर खोलून बाजूला केला. दोन्ही जाळ्यांच्या मधे धानाचा भुसा बसला होता, गोवरीसारखा घट्ट. मिलच्या भुशाच्या ढिगाशेजारी गाडी उभी राही. उडालेला भुसा जाळीत अडके, आणि ड्रायव्हर रोज सकाळी भक्तिभावानं फवारा मारून तो आणखी आत लोटे. समोरून सगळं लख्ख, आत श्वास बंद. तोच भिजलेला भुसा रेडिएटरच्या तापानं उसन्यासारखा उकडत होता. जाळीला हवा नाही तर गॅस निवणार कसा, आणि तो निवला नाही की काचेत बुडबुडे दिसणारच. मी त्यात वर आणखी गॅस कोंबला होता.

शेजारच्या घरून सूप मागून आणलं आणि त्यात तो सगळा भुसा काढला. सूप भरलं. आयुष्यभर धान पाखडलेली ती बाई सुपाकडे पाहत होती.

संध्याकाळी पेटीतून अशी गार हवा आली की मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "डोकंवाला मिस्त्री आहे," ते म्हणाले, "बरोबर पकडलं." मी तिच्याकडे पाहिलं नाही. "काम आहे जी आपलं," असं म्हणालो. ती जाऊन आपल्या जागेवर बसली. तिनं काच वर केली.

शुक्रवारपासून ती न चुकता गेली, शेक पूर्ण झाले. पण पुढच्या धानकापणीच्या सुमाराला ती वारल्याचं कळलं. मी अड्याळला भेटायला जायला हवं होतं. गेलो नाही. कामाचं निमित्त केलं.

पुढल्या मे महिन्यात मालक एकटेच गाडी चालवत आले. वाळले होते.

"एसी थंड करून नाही राहिला," म्हणाले.

मी गेज लावलं; काटा जागेवर. काचेत एक बुडबुडा नाही. कागद धरला, तो जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला. पेटीसमोर हात धरला तर बोटं गार पडली. मागच्या वर्षीचा मी असतो तर बॉनेट आदळून म्हणालो असतो, काही नाही झालं मालक, घेऊन जा. या वेळी मी सूप आणलं. रेडिएटर पुन्हा खोलला आणि दोन्ही जाळ्या ब्रशनं झाडल्या. सुपात चिमूटभर धूळ पडली. मालक त्याच बाकावर बसून पाहत होते.

मला आणखी राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मालक, मागच्या साली ते मी नव्हतं पकडलं. काकूनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भुशाचा वास येते म्हणून. मी ऐकलं नाही. तिचे चार शेक माह्यामुळे चुकले."

त्यांनी सूप जवळ ओढलं.

"एक तुझ्याकडे येयाच्या आधीच चुकला होता," ते म्हणाले. "चार दिवसानं काही फरक पडला असता का, ते डॉक्टरही सांगून नाही राहिला. मी इचारलं त्याले."

मग सूप बाजूला सारून म्हणाले, "तिनं तुले सोमवारी सांगितलं. मले त्याच्या आठ दिवस आधीपासून सांगून राहिली होती. मी म्हटलं, तुले गाडीतलं काय समजते."

त्यांना मी रडताना पाहिलं नाही, पण त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि दुपट्टा बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मी रेडिएटर बसवला, पाणी भरलं, इंजिन आणि एसी चालू केला. ते उठले आणि पुढचा दरवाजा न उघडता मागचा उघडला, आणि डाव्या बाजूला, तिच्या जागेवर बसले. मी बाहेरून त्यांचा दरवाजा लावला आणि काच नीट वर आहे ना ते पाहिलं. आत एसी चांगला थंड होता.