एका बाजूचा माईक

मोहोपाड्याचा मालोजी रसायनीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळत होता. तिथं आवाज असा की समोरच्या माणसाशी हातवाऱ्यांनीच बोलायचं. निवृत्त होताना तो तीन गोष्टी घेऊन बाहेर पडला: पितळेचा गणपती, स्टीलचा डिनरसेट आणि बहिरा झालेला डावा कान. पहिल्या दोन त्यानं आल्यागेल्याला दाखवल्या. तिसरी कुणाला सांगितली नाही.

कुणी बोलायला लागलं की तो मान वळवून उजवा कान पुढं करायचा. लोकांना वाटायचं, काय मन लावून ऐकतो हा माणूस! गावात त्याची तशी ख्यातीच झाली होती. मालोजीनंही ती मोडली नाही.

रिकामपणी त्यानं एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून जुना कॅमकॉर्डर घेतला. "मोबाईलवर काढतात ते चित्रीकरण नव्हं," असं तो सगळ्यांना सांगत सुटला, आणि पहिला मान मिळाला चुलतभाऊ धोंडीच्या एकसष्टीचा. सगळा मांडव चित्रात यावा म्हणून मालोजी कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन थेट मागं उभा राहिला, आचाऱ्याच्या कढईशेजारी. चित्र सुरेख आलं. धोंडीच्या भाषणाचा मात्र एक शब्द ऐकू येईना. चाळीस मिनिटं नुसतं चर्रर्र, आणि मधून कुणीतरी पापड मोडल्याचा आवाज.

"माझी एकसष्टी केलीस का भज्यांची रं?" धोंडीनं विचारलं.

ते चित्रीकरण मालोजीच्या भाचीनं, कळंबच्या ऋतिकानंही पाहिलं होतं. मे महिन्यात तिचं लग्न होतं. ती म्हणाली, "मामा, हळदीला सोनाबाई आजी धवळे म्हणणार. तिच्याइतके कुणाला येत नाहीत. डीजे नाय आला तरी चालेल, पन तिचा आवाज आला पाहिजे."

सोनाबाई धवळारीण होती. हळदीपासून लग्नापर्यंतचा एकेक विधी ती गाऊन पार पाडायची. वय ऐंशीच्या घरात, आणि स्वभाव असा की नवरदेवालाही उभं राहायची जागा तीच दाखवणार.

मालोजी बायकोला, आनंदीबाईला घेऊन कर्जतला निघाला. चौक गावापर्यंत मिनिडोअर रिक्षा, पुढं एसटी. तिथल्या दहिवलीत अनुपमचं कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान होतं. चाळिशीतला, बोलका माणूस. त्यानं आधी केसाळ टोपी घातलेला एक लांबट माईक काढला.

"अगं बाय, याला दूध पाजायचं का?" आनंदीबाई म्हणाली.

"वाऱ्याचा आवाज अडवायला केस आहेत, काकू," अनुपम हसला. "हा कॅमेऱ्यावर बसतो. जिकडं तोंड, तिकडचं जास्त ऐकतो. पण वीस फुटांवरनं तोही चमत्कार करत नाही. काका, एकच ध्यानात ठेवा. कॅमेरा कुठंही ठेवा, माईक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ पाहिजे."

म्हणून कॉलर माईक ठरला. शेंगदाण्याएवढा माईक, त्याला चिमटा आणि वीस फूट वायर. अनुपमनं हेडफोनही दिला. "हा कानाला लावल्याशिवाय काम करायचं नाही. आवाज डोळ्यांनी दिसत नसतो."

घरी येऊन मालोजीनं माईक आनंदीबाईच्या पदराला लावला, वायर कॅमेऱ्यात खोचली, हेडफोन चढवला आणि तिकडच्या खोलीत जाऊन बसला.

"बोल गं!"

"काय बोलू?"

"कायपन बोल!"

आनंदीबाई तांदूळ निवडत होती. तिनं पाण्याच्या टाकीपासून सुरुवात केली, नणंदेच्या बोलण्यावर आली, आणि अठ्ठावीस वर्षांच्या रातपाळ्यांपर्यंत पोचली. मालोजीच्या कानात शांतता.

"अगं, बोल ना!"

"मगाधरनं काय करते हाय मग?"

असं तीन दिवस चाललं. मालोजीनं वायर काढली, पुसली, पुन्हा खोचली, वायरीवरच्या डबीतला सेल बदलला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आवाजाच्या दोन पट्ट्या होत्या. वरची उड्या मारत होती, खालची मेल्यासारखी पडलेली. मेलेली पट्टी पाहून त्याची खात्रीच पटली. चौथ्या दिवशी तो माईक घेऊन दहिवलीला गेला. आनंदीबाई बरोबर होतीच.

"हा माईक मेलेला हाय," त्यानं दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

अनुपमनं हेडफोन लावला, माईकवर टिचकी मारली. "काका, छान वाजतोय."

मालोजीनं लावला. "कुठं वाजतोय? चेष्टा करतोस काय माझी?"

अनुपमनं पुन्हा लावला. पुन्हा वाजला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघायला लागली. मालोजीचा चेहरा तापला. कारखान्यात त्याच्या मशीनला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती, आणि इथं हा दुकानदार त्याला खोटं पाडत होता.

आनंदीबाई पुढं झाली. तिनं त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, फिरवला आणि उलटा घातला. डावीकडचं उजव्या कानावर आलं.

"आता ऐका," ती माईकजवळ हळूच म्हणाली. "येतंय का?"

शब्द न् शब्द आला. तिचा श्वाससुद्धा आला. मालोजीनं हेडफोन उजव्या कानावर आणखी दाबला.

अनुपमनं गिऱ्हाइकांकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला. "काका, माईकची काही चूक नाही, तुमचीही नाही. हा एका बाजूचा माईक आहे. याचा आवाज फक्त डावीकडं जातो. ही छोटी पिन मधे लावा, दोन्हीकडं येईल." त्यानं पिन लावली. पडद्यावर दोन्ही पट्ट्या उड्या मारायला लागल्या.

परतीच्या मिनिडोअरमध्ये मालोजीनं पिशवीतली पिन पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाला, "तुला कवापासनं ठावं हाय?"

"बारा वर्सं झाली. तुमच्या उजव्या अंगानं चालते ती काय हौस म्हनून?"

मालोजीला ती तिची सवय वाटायची.

"मग बोलली का नाय?"

"तुमी सांगाल म्हनून वाट बघितली. आन् डाव्या अंगाला बोललेलं तुमाला ऐकू जात नाय, त्याचा मलापन फायदा होता की."

कळंबला हळदीच्या दिवशी हेडफोन आनंदीबाईच्या कानावर होता. "तुमी चितर बघा, आवाज मी बघते," तिनं सांगून टाकलं. मालोजीनं मान डोलावली. लपवायला त्याच्याकडं आता काही उरलं नव्हतं.

सोनाबाई चिमट्याला हात लावू देईना. "मला काय बकरी समजलात, दोरी बांधायला?" मग आनंदीबाईनं ऋतिकाला पुढं केलं. नवरीनं गळ्यात हात टाकल्यावर म्हातारी विरघळली. माईक पदराला लागला. पण सोनाबाई गाताना हलायची, आणि दर वेळी पदर घासून खरखर व्हायची. आनंदीबाईनं लांबूनच हात वर केला. हातांची भाषा मालोजीला नवी नव्हती, त्यानं कॅमेरा थांबवला. तिनं जाऊन माईक पदरावरून काढला आणि म्हातारीच्या केसांत, कपाळाच्या वर खोवला. वायर पाठीमागून सोडली. पंख्याचं तोंड फिरवलं. मग मांडवाबाहेर जाऊन डीजेवाल्याला असं काही सांगितलं की तो तासभर चहाच पीत बसला.

सोनाबाईनं सुरुवात केली. तिचा आवाज चढला तशी आनंदीबाईनं तळहात खाली दाबला, मालोजीनं कॅमेऱ्याचं चक्र फिरवून आवाज कमी केला. तासभर दोघं तसे उभे राहिले. हळद लावता लावता ऋतिका रडली, तेही आलं. सोनाबाईनं मधेच "कोन रं तो आडवा आला?" म्हणून एकाला झापलं, तेही आलं.

लग्नानंतर सोनाबाईनं ते टीव्हीवर बघितलं आणि पहिला शेरा मारला, "मी एवढी घोगरी हाय व्हय?" मग पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा.

पावसाळ्यात आनंदीबाईनं मालोजीला पनवेलला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कानातलं यंत्र आलं. पहिल्या आठवड्यात त्याची तक्रार होती की घरात फार आवाज आहे: कुकर, कावळे, शेजारच्यांची कवाडं. "हे असं रोज वाजतं?" तो विचारायचा.

"रोजच," आनंदीबाई म्हणाली. "आता मला जपून बोलाया लागंल."