पार्वताबाईचं नाक आणि दारातला सब्जा

आमच्या एकोडी गावात कुणाच्या कोठीतल्या तांदळाला कुबट वास लागला की पार्वताबाईला बोलावणं जाई. ती पदराला हात पुसत येई, डोळे मिटून मूठभर तांदूळ हुंगे आणि निकाल देई. मग निरगुडीचा पाला किती वाळवायचा, कोठीत कुठे घालायचा, तेही सांगे. बाळंतिणीच्या अंघोळीचं निरगुडीचं पाणी तिनं हुंगल्याशिवाय चुलीवरून उतरत नसे. बाईला गर्व होता, आणि का नसावा? दुसऱ्याच्या स्वयंपाकापुढे ती नाकानं कांदे सोलायची, हेही खरं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती तापानं पडली. ताप उतरला, पण वास कायमचा गेला. पाला चोळून नाकाशी धरला तरी काही कळेना. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. लोक हुंगायला देत, ती पूर्वीसारखेच डोळे मिटी आणि हाताला लागलेल्या ओलीवरून ठोकून देई.

त्याच लाटेत तिच्या सुनेची, प्रतिक्षाची आई वारली. तिनं कधीतरी दिलेली बियांची पुडी प्रतिक्षानं त्या पावसाळ्यात दाराशी पेरली. झाड कमरेइतकं वाढलं, मंजिऱ्या आल्या.

धम्मचक्र दिनाच्या आदल्या दिवशी आम्ही चौघी विहार झाडायला निघालो होतो. पार्वताबाईला हाक मारून रस्त्यावर थांबलो. ती बाहेर आली आणि तिची नजर त्या झाडावर गेली. तिच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर दारातलं तुळशीवृंदावन स्वतःच्या हातानं काढलं होतं. हे तिनं आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की आमचं पाठ झालं होतं.

“माह्या दारात तुळस?” ती कडाडली. “तुह्या मायच्या घरी चालत असन, इथं नाही चालत!”

बोलता बोलता तिनं झाड मुळासकट उपटलं आणि उकिरड्यावर फेकलं. मेलेल्या विहिणीला असं मध्ये ओढलेलं आम्हाला आवडलं नाही, पण तिच्या तोंडी कोण लागणार? प्रतिक्षा दारातच उभी होती. तिचे डोळे भरले. आम्ही गेल्यावर तिनं झाड उचलून आणलं आणि मंजिऱ्या सुपात झाडून घेतल्या.

पुढं चैत्रात ऊन तापलं. पार्वताबाईच्या तळपायांची आग होऊ लागली. प्रतिक्षानं सरबताचा गिलास आणून दिला. आत फुगलेलं काळं बी होतं.

“सब्जा कुठून आणला व?”

“घरचाच हाये.”

“घरी कुठं होता?”

“तुमी उपटला तो. मायनं बी देल्लं होतं.”

पार्वताबाईनं गिलास खाली ठेवला. ज्या बाईचं बी ती पीत होती, तिचाच तिनं गल्लीत उद्धार केला होता. लाजेनं तिची मान वर होईना.

“मंग तवाच काहून नाही सांगतलं?”

“बाया उभ्या होत्या ना, आई. सब्जा दिसते तुळशीवानीच, वासानंच वळखू येते. सब्जा हाये म्हटलं असतं, तर तुमाले वास येत नाही हे साऱ्यायले समजलं असतं.”

“तुले कवापासून मालूम?”

“भाजी जळून गेली अन् तुमी चुलीपाशीच बसून होत्या, तवापासून.”

यातलं काहीच ठाऊक नसताना दुसऱ्या दिवशी मी कोठीतले तांदूळ घेऊन तिच्याकडे गेले. तिनं डोळे मिटले नाहीत. मूठभर तांदूळ घेतले आणि तसेच सुनेच्या ओंजळीत ओतले.

“हिले इचार. मले वास येत नाही, वरीस होऊन गेलं.” मग तिनं घडलेलं सगळं सांगितलं. सांगताना ती जमिनीकडेच पाहत होती. मी उठू लागले तशी म्हणाली, “तशीच जाऊ नको. बाकीच्या तिघींले बोलावून आण. हिच्या मायले तुमा चौघींपुढं बोलली होती मी.”