डोमाजीची विहीर

मूर्तिजापूरच्या एका कापसाच्या जिनात रुईच्या पाट्या वाहणाऱ्या डोमाजीची एकच गोष्ट सगळ्यांना हवी असायची. दुपारच्या सुटीत भाकरी सोडली, की बाया त्याच्याभोवती सरकत.

"डोमाभाऊ, थे विहिरीची सांग," चतुराबाई म्हणायची. ऐकता ऐकता तिचा घास हातातच राहायचा.

गोष्ट थोडकी. काळ्या रानात विहीर खणून राहिले होते. माती गेली, मुरूम गेला, पाषाण फुटला, पण पाणी काही लागेना. शेवटच्या सुरुंगानं तळाला भोक पडलं, अन् वाकून पाहतात तर खाली आभाळ. भर दुपारी चांदण्यांनी भरलेलं, पण त्यातली एकही चांदणी ओळखीची नाही. त्या आभाळात काहीतरी कूस पालटलं. एवढं मोठं, की त्याची एक कूस पालटेस्तोवर वरचा दिवस बुडाला. त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. माणूस नावाची चीज त्याला ठाऊकच नव्हती. माणसं दोर धरून वर आली, विहीर बुजवली, वरून पऱ्हाटी पेरली. संपलं.

"मंग उतारा कोनं देल्ला?" कोणीतरी विचारायचंच.

"कोनाले देता? त्याले तं तू हायेस हेच मालूम नाही."

"देवरुशी तरी आनला असन."

"नाही आनला."

डोमाजीचं डोकं उठायचं. भूत असतं तर कोंबड्यावर भागलं असतं. इथं मागणारंच कोणी नाही, अन् भेव त्याचंच होतं. पण लोकांना शेवटाला लिंबू पाहिजेच. कोणीतरी एकदा ही गोष्ट आहे तशी ऐकावी अन् मुकाट उठून जावं, एवढीच त्याची हौस.

छप्पनसाली वस्तीनं दीक्षा घेतली. देवांचे टाक नदीत गेले, अंगात येणं बंद झालं. डोमाजीला वाटलं, आता आले आपले ऐकणारे. विहाराच्या कार्यक्रमात गोष्ट सांगू द्या म्हणून तो देवमनकडे गेला. देवमन शाळामास्तर अन् विहार समितीचा सेक्रेटरी.

"काका, आता भुताखेताचं नको."

"यात भूत नाही न बाप्पा. देवबी नाही."

"मंग हाये काय?"

"तेच तं सांगून राह्यलो."

देवमननं जरा विचार केला. "शेवटी असं सांगा, विहिरीत विषारी वायू होता, त्यानं भास झाला. लोकायचं प्रबोधन होते."

"पन नव्हता ना वायू."

"तुमी होते काय तिथं?"

शेवटी वायू सांगायला डोमाजी कबूल झाला. नाहीतर सांगायलाच मिळत नव्हतं.

संध्याकाळी विहारापुढे वस्ती बसली. गोष्टीत कूस पालटली तेव्हा कोणी खोकललं नाही. मग डोमाजीनं वायू सांगितला. माणसं एकदम हसली, टाळ्या वाजल्या, पायाला आलेल्या मुंग्या झाडत जो तो घरी निघाला. उभ्या पिकात आपल्याच हातानं ढोरं सोडल्यासारखं झालं त्याला.

जिनातही मग तेच. गोष्ट पाषाणापर्यंत येत नाही तोच माणिकबाई म्हणायची, "वायू व्हता म्हने." चतुराबाईसुद्धा म्हणाली, "बरं झालं भाऊ, कारन सापडलं. मले जेवन जात नव्हतं."

दोन-तीन हंगाम गेले. देवमननं वावरात विहीर खणायला काढली. एका दुपारी तो जिनाच्या फाटकाशी आला.

"काका, पाषाण लागला. उद्या सुरुंग हाये."

"मंग?"

"खरंच वायू होता काय?"

"तूच तं सांगतलं."

"मी मनानं सांगतलं होतं. मले खाली उतरवत नाही, काका."

डोमाजीनं पाटी खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिला माणूस गोष्ट अंगाला लावून घेऊन आला होता. याला सांगावी, वायू काढून, आहे तशी. त्यानं तोंड उघडलं, तोच देवमन इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला, "त्याच्यावर काही उपाय असते काय? म्हंजे, दीक्षेनंतर आपल्यात चालते असा?"

 डोमाजीनं पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"वायूच हाये," तो म्हणाला. "पह्यले कंदील सोडून पाह्य. इझला तं उतरू नोको."