पाठमोरे मेस्त्री

दुरुस्ती झाली की मेस्त्री इंजिनाकडे बघत नसत. फडक्याला हात पुसत उलट दिशेने चालू लागायचे, नळापाशी जाऊन हायवेकडे तोंड करून उभे राहायचे आणि तिथूनच म्हणायचे, "हां, आता लावा."

इंजिन सुरू झालं की ते पाठमोरेच ऐकत राहायचे. आवाज मनासारखा असला तर डावा हात वर जायचा. नसला तर हात खालीच राहायचा, आणि ते परत येऊन पुन्हा पाना उचलायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "मेस्त्री, पाठ का फिरवता?" मी आपण होऊन कुणाला काही विचारणारी नव्हे. म्हणून असेल, त्यांनी पाना खाली ठेवला.

"समोर बसून ऐकलं की आपल्याला पायजे तेच ऐकू येतंय," ते म्हणाले. "मेहनत केल्याली असती न्हवं. मग कान बी फितूर होत्यात."

तुमच्याही गावात असा एखादा मेस्त्री असेल. अंगाला पेट्रोलचा वास, कानावर पेन्सिल, सकाळी येतो म्हणून सांगून दुपारी उगवणारा. आमचे मेस्त्री तसेच होते. मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे तंबाखू तिकडचीच लागायची. माणसांशी मराठी बोलायचे आणि इंजिनाला कन्नडमध्ये रागवायचे. "याकप्पा? साकु, साकु!" म्हणजे का रे बाबा, पुरे आता. कुणी हसलं तर म्हणायचे, "मराठीत रागावलं तर त्येला खरंच राग येतोय."

काकतीच्या पुढे हायवेला लागून एक नर्सरी आहे, तिथे मी पिशव्या भरण्याच्या कामाला लागले होते. मालकांनी कुणाच्या तरी बंगल्यातून बागेतला छोटा ट्रॅक्टर आणला होता. जुना, पेट्रोलवर चालणारा, उंचीला एवढासा. आम्ही बायका त्याला रेडकू म्हणायचो. मागे छोटी ट्रॉली लावून त्यावरून रोपं, माती, शेणखत सगळं जायचं.

एका पावसाळ्यात मी विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि गुडघा कायमचा गेला. डोक्यावर पाटी घेऊन चालणं संपलं. मालक वाईट नव्हते, पण म्हणाले, "आता घरी इश्रांती घ्या." घरी विश्रांती म्हणजे काय ते काम करणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या घरी मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं.

मेस्त्री तेव्हा पंप खोलून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ह्यास्नी रेडकू चालवू द्या की. बसून काम हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "हिला? ही कोंबडीला हाकलाय बी लाजती!"

"मग बरं झालं," मेस्त्री म्हणाले. "रेडकू बी लाजाळूच हाय. लाजाळू माणसाच्या हाताखाली नीट चालंल."

त्यांनी मला दोन-तीन दुपारी शिकवलं. आवाज कधी चढवला नाही. मी एकदा जास्वंदीच्या कुंड्यांच्या ओळीवर ट्रॉली घातली तेव्हा फुटक्या कुंड्यांकडे बघून एवढंच म्हणाले, "वळताना मागं बी एक गाडी हाय, तेवढं ध्यानात ठेवा." त्या दिवसापासून मला ते डायव्हर म्हणू लागले. "काय डायव्हर, रेडकू काय म्हणतंय?" मी खाली बघायचे. पण ते यायचे असले की ते शब्द ऐकायची वाट बघायचे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर रेडकू बिघडलं. इंजिनाचा आवाज एकदम चढायचा, मग दबायचा, पुन्हा चढायचा. झोपाळ्यावर बसल्यासारखं. ट्रॉलीला हिसके बसायचे. एकदा गुलाबाची सगळी कलमं उलटी झाली, आणि मालक तिथेच उभे होते.

"बास झालं ह्याचं," ते म्हणाले. "शनिवारी भंगारवाला येतोय. देऊन टाकूया."

मी कलमं गोळा करत राहिले. रेडकू गेलं तर नर्सरीत मला बसून करण्यासारखं काम उरत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. दोघांनीही तो विषय काढला नाही.

मेस्त्रींना निरोप गेला. ते आले, ऐकलं आणि म्हणाले, "झोके घेतंय. पेट्रोल कमी पडत असंल." कार्बोरेटर खोलला. वायरीतली तांब्याची एक बारीक तार काढून जेटच्या बारीक भोकातून फिरवली, फुंकर मारली, जेट उन्हाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. सगळं बसवलं, नळापाशी गेले. "हां, आता लावा."

इंजिन झोके घेतच राहिलं. हात खालीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांध्यातलं गॅस्केट बदललं. जाड कागद जागेवर ठेवून हातोडीने हलके हलके ठोकत कडा उमटवल्या आणि त्यावरून कापलं. एवढं नीट काम, कुणी चोळीला कातर लावावी तसं. पुन्हा नळ, पुन्हा पाठ. पुन्हा हात खाली.

"चुकलं माझं," ते परत येत म्हणाले. "वरच बघत बसलो."

तो शुक्रवार होता. त्यांनी पेट्रोलची टाकी काढली, पोतं अंथरलं आणि इंजिनाच्या कुशीला आडवे झाले. बोटांनी एकेक भाग चाचपत गेले. मग मला जवळ बोलावलं. "डायव्हर, हितं बघा."

टाकीखाली एक बारीक दांडी असते. ती हलत राहते आणि इंजिनाचा वेग जास्त की कमी ते सांभाळते. तिला ते गव्हर्नर म्हणायचे. त्या दांडीला आणि तिच्या स्प्रिंगला मिळून दोरा गुंडाळलेला होता. तेल आणि माती बसून तो काळा झाला होता, पत्र्यात मिसळून गेला होता. पण गाठीत हळकुंड होतं.

आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं. खंडेनवमीला नर्सरीतल्या सगळ्या हत्यारांची पूजा मालकांची आई करायची. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. कोयत्या, खुरपी, पंप, सगळ्यांना हळदीचा दोरा. दरवर्षी रेडकूच्या स्टिअरिंगला बांधायच्या. त्या वर्षी इंजिन सुरू असताना त्यांना ती थरथरणारी दांडी दिसली असणार. "जे हलतंय त्येच्यात जीव हाय," असं त्या नेहमी म्हणायच्या. मग दोरा जिवालाच बांधला.

पूजेचा दोरा आमच्याकडे कुणी कापत नाही. मेस्त्रींच्या हातात पक्कड होती. त्यांनी ती खाली ठेवली.

आक्का शेडच्या दारात बिया निवडत बसल्या होत्या. आठवड्यापूर्वीच मालक त्यांच्यावर ओरडले होते, "आई, तुझा हात गप ऱ्हात न्हाय," रोपांना जास्त पाणी झालं म्हणून. तेव्हापासून त्या कशाला हात लावत नव्हत्या. बिया निवडायलाही विचारून बसल्या होत्या.

मेस्त्री त्यांच्यापाशी जाऊन उकिडवे बसले. "आक्का, जरा येताय? माझी बोटं जाड. एक गाठ सुटंना झालीया."

आक्का आल्या. मी त्यांना धरून पोत्यावर बसवलं. त्यांनी हात आत घातला, आणि हळकुंड बोटाला लागल्यावर थांबल्या.

"ह्यो म्या बांधलाय की रं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्यामुळं झालं व्हय?"

"दोरा बरोबर हाय, आक्का," मेस्त्री म्हणाले. "जागा तेवढी एक बोट चुकली."

आक्कांनी गाठ सोडवली. वेळ लागला. मेस्त्री नुसते बसून राहिले, मधे हात घातला नाही. मग त्यांनी रेडकूच्या पुढच्या दिव्याची कडी दाखवली. "हितं बांधा. हितनं त्येला रस्ता बी दिसंल." आक्कांनी तोच काळा दोरा पदराने पुसला आणि तिथे बांधला.

तेवढ्यात मालक आले. "काय झालंतं?"

"एक दांडी अडकत व्हती," मेस्त्री म्हणाले. "सुटली."

एवढंच. खोटं एक अक्षर नाही. मग टाकी परत बसवून ते नळाकडे चालू लागले. "हां, आता लावा."

मी किल्ली फिरवली. सुरुवातीला एकदा आवाज चढला. मग तो खाली आला आणि तिथेच राहिला. एकसारखा. मेस्त्री हायवेकडे बघत उभे होते. मालकही त्यांच्या पाठीकडे बघत होते, आक्काही. डावा हात वर गेला.

शनिवारी भंगारवाला आला. मालकांनी त्याला मोडकी पत्र्याची पिंपं दिली.

पुढे मेस्त्रींना डोळ्यांनी कमी दिसू लागलं. त्यांच्या दुकानाचं शटर आठवड्यातून चार दिवस खालीच असायचं. लेक धारवाडला असते, ती त्यांना घेऊन गेली. दोन वर्षांनी तिकडेच ते गेल्याचं मालकांनी सांगितलं. आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. आता खंडेनवमीला पहिला दोरा त्या दिव्याच्या कडीलाच बांधतात, आणि बांधून झाल्यावर मला विचारतात, "जागा बरोबर हाय न्हवं गं?"

रेडकू अजून चालतं. मीच चालवते. कधी आवाजात फरक वाटला तर आजूबाजूला कुणी नाहीसं बघून नळापाशी जाते आणि पाठ फिरवून उभी राहते.

धारवाडला जायच्या दिवशी मेस्त्री नर्सरीत आले होते. लेकीच्या दारात लावायला मोगऱ्याचं रोप हवं होतं. मी चांगलं भरलेलं निवडून दिलं. काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं, पण मला जमलं नाही. "येतो डायव्हर," म्हणाले आणि फाटकाकडे निघाले. मी तशीच जाऊन रेडकूवर बसले आणि किल्ली फिरवली.

ते फाटकात थांबले. उजव्या हातात पिशवी, पिशवीतून मोगऱ्याचा शेंडा बाहेर आलेला. पाठमोरेच उभे राहिले, हायवेकडे तोंड करून.

मग डावा हात वर गेला.